हार्ड डिस्क : बिघाड व संरक्षण

घरगुती संगणकातील आज्ञावली, दस्तऐवज, हिशेब, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे इ. माहिती विद्युत् पुरवठा बंद झाल्यावरही टिकून राहावी म्हणून ती ज्या साधनात साठविली जाते, त्यास हार्ड डिस्क म्हणतात. संगणकाच्या इतर बहुतेक भागांत हालचाल करणारे असे काही नसते. हार्ड डिस्क मात्र अतिशय सूक्ष्म मापांत काम करणारे यंत्र आहे. यंत्र असल्याने ती झिजते आणि कधी ना कधी निकामी होते. संगणकाचा दुसरा कोणताही भाग बिघडल्यास तो बदलता येतो व नुकसान त्याच्या किंमतीपुरते मर्यादित राहते. डिस्क बिघडली असता तीही काही हजार रुपयांत नवी मिळते. परंतु तिच्यावर असलेला प्रबंधाचा मसुदा, दुकानाच्या दहा वर्षांच्या वह्या किंवा दिवंगत व्यक्तीचा ध्वनिमुद्रित आवाज बाजारात मिळत नाही. यामुळे डिस्कचे संरक्षण आणि तिच्यावरील माहितीचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी मानणे आवश्यक ठरते. पहिली गोष्ट काही प्रमाणातच साधते. दुसरी थोड्या खर्चात व थोड्या शिस्तीने बहुतांशी साधता येते.

रचना व कार्य : पहिली व्यापारी हार्ड डिस्क आय्‌बीएम कंपनीने १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ या संगणकाबरोबर पुरविली. तीत ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचे वजन सु. एक टन होते आणि तीत सु. ५० लक्ष अक्षरे मावत. याच कंपनीने १९७३ मध्ये शीर्षे व तबकड्या एकाच बंदिस्त पेटीत ठेवलेली रचना प्रचारात आणली. ‘विंचेस्टर’ हे तिचे नाव पुढे दीर्घकाळ सर्वच बंदिस्त डिस्कांना लावले जात असे. घरगुती संगणकात मावेल अशी ५·२५ इंची डिस्क सीगेट कंपनीने १९८० मध्ये काढली. तिची धारणक्षमता ५ मेगाबाइट होती. १९८३ च्या आय्‌बीएम ‘पीसी एक्स्‌टी’ या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क बसविलेली असे व तिची संपूर्ण प्रत ठेवण्यास त्या काळच्या सु. तीस फ्लॉपी लागत. एकेक फ्लॉपी आत घालत बसण्याचे हे काम इतके कंटाळवाणे असे, की बहुसंख्य लोक ते टाळीत. आज धारणक्षमता लाखो पटींनी वाढली असून माध्यमे पुष्कळ सोईची झाली आहेत; टाळाटाळ मात्र कायम आहे.

हल्लीच्या मेजावरील संगणकातील डिस्कमध्ये काच किंवा ॲल्युमिनियम यांच्या एक किंवा अधिक तबकड्या एकाच आसावर बसविलेल्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ लेप असतो. तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये तबकडीच्या बाहेरील कडेचा वेग ताशी सु. १२५ किमी. भरतो. प्रत्येक पृष्ठभागावर एका भुजेच्या टोकाशी वाचन-लेखन शीर्ष असते. तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या उशीवर ते तरंगते. त्याचा तबकडीला स्पर्श होत नाही. शीर्ष व तबकडी यांतील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट असल्याने धुळीचा साधा कणही या फटीच्या मानाने डोंगराएवढा ठरतो. म्हणून पेटी धूलिरहित खोलीत जोडतात व आतील-बाहेरील दाब समान राहावा यासाठी गाळणी बसविलेले लहानसे छिद्र ठेवतात. (हवेऐवजी हीलियम भरलेल्या व पूर्णपणे मोहोरबंद डिस्का २०१३ पासून मिळू लागल्या; त्यांत असे छिद्र नसते.) छिद्र बुजवू नये अशी सूचना पेटीवर छापलेली असते, ती याकरिताच.

बिघाडाचे प्रकार : शीर्ष तबकडीवर आदळणे हा सर्वांत घातक बिघाड होय. चालू डिस्कला धक्का बसला किंवा ती पडली, तर शीर्ष लेपावर घासते. त्यातून सुटलेले कण इतरत्र पसरून नवीन ओरखडे पाडतात व नाश वाढत जातो. ज्या जागेवरील लेपच खरवडून निघाला तेथील माहिती कोणत्याही उपायाने परत येत नाही. मांडीवरील संगणकात व सुट्या डिस्कमध्ये हा धोका अधिक असतो. यासाठी डिस्क बंद असताना शीर्ष तबकडीबाहेरील उतरत्या आधारावर नेऊन ठेवण्याची सोय पुष्कळ डिस्कांत केलेली असते. म्हणजेच बंद डिस्क पुष्कळ धक्के सोसते, चालू डिस्क फार थोडे. सुटी डिस्क संगणकाच्या पेटीवर उभी ठेवून तिची तार मेजाखालून नेण्याची सर्रास आढळणारी पद्धत या दृष्टीने फार वाईट आहे.

शीर्षाची किंवा त्याला जोडलेल्या प्रवर्धकाची संवेदनशीलता कमी झाल्यास तबकडीवरील स्थानदर्शक खुणा त्यास वाचता येत नाहीत. अशा वेळी भुजा मूळ जागी परत जाऊन पुनःपुन्हा प्रयत्न करते व ठरावीक अंतराने टक्‌ टक्‌ असा आवाज ऐकू येतो. हा आवाज म्हणजे डिस्क अखेरीस आल्याचे बहुधा निश्चित लक्षण असते. आसाच्या धारव्यातील वंगण बिघडल्यास तबकड्या फिरतच नाहीत किंवा गुरगुर ऐकू येते. इलेक्ट्रॉनीय मंडलाचा बिघाड मुख्यतः विद्युत् दाबातील अकस्मात वाढीमुळे होतो. याशिवाय डिस्कच्या अंतर्गत नियंत्रक आज्ञावलीत दोष निर्माण होऊ शकतो.

यांहून सौम्य, परंतु फसवा प्रकार म्हणजे वृत्तखंड खराब होणे. तबकडीवरील वर्तुळाकार मागिकांचे लहान लहान वृत्तखंड पाडलेले असतात व प्रत्येकात माहितीबरोबर चुका दुरुस्त करण्याचे संकेतांक लिहिलेले असतात. किरकोळ चुका त्यांच्या साहाय्याने आपोआप सुधारल्या जातात. एखादा वृत्तखंड फारच खराब झाल्यास डिस्क त्याऐवजी राखून ठेवलेल्या जागेतील वृत्तखंड वापरू लागते. वापरणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. कित्येकदा वर्षानुवर्षे न उघडलेल्या फाइलीतील खराब भाग ती उघडू पाहिल्यावरच उघडकीस येतो.

डिस्क पूर्णपणे निर्दोष असतानाही माहिती नाहीशी होते, हे येथेच सांगितले पाहिजे. चुकीची फाइल पुसणे, मजकुरावर नवीन मजकूर चढविणे, लिखाण चालू असता वीज जाणे, घातक आज्ञावली, चोरी, आग व पूर ही कारणे घरगुती वापरात डिस्कच्या बिघाडाइतकीच विचारात घ्यावी लागतात. डिस्कच्या यांत्रिक दोषापुरतीच तजवीज करणारा उपाय त्यामुळे अपुरा ठरतो.

बिघाडाचे प्रमाण : उत्पादक आपल्या डिस्कचा ‘बिघाडापूर्वीचा सरासरी काल’ अनेकदा १० ते १५ लक्ष तास असा देतात. दहा लक्ष तास म्हणजे सु. ११४ वर्षे. परंतु यावरून कोणतीही एक डिस्क शतकभर चालेल असा अर्थ काढणे सर्वस्वी चूक आहे. हा आकडा ऐन उमेदीतील पुष्कळ डिस्कांच्या समूहाविषयी असतो. अशा एक हजार डिस्का वर्षभर अखंड चालविल्या, तर त्यांपैकी सु. नऊ निकामी होतील, एवढेच त्यातून निष्पन्न होते. कोणत्या नऊ, हे सांगता येत नाही.

प्रत्यक्षातील प्रमाण याहूनही अधिक आढळले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बिआंका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी सु. एक लक्ष डिस्कांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्पादकांच्या आकड्यांवरून वर्षाला फार तर ०·८८ टक्के डिस्का बदलाव्या लागाव्यात अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे प्रमाण नेहमीचे होते व काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेले होते. सुरुवातीच्या काळात दोषी डिस्का गळून पडतात व त्यानंतर अनेक वर्षे बिघाडाचे प्रमाण स्थिर राहते, हा रूढ समजही या पाहणीत टिकला नाही. झीज अपेक्षेपेक्षा लवकर सुरू होऊन प्रमाण वयाबरोबर वाढत गेल्याचे दिसले. त्याच वर्षी गूगल कंपनीतील एद्वार्दो पिन्येरो, वोल्फ-डीट्रिख वेबर व लुईझ आंद्रे बारोसो यांनी एक लक्षाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत पहिल्या वर्षी १·७ टक्के, तर तीन वर्षे वयाच्या गटात ८·६ टक्क्यांहून अधिक असे बिघाडाचे वार्षिक प्रमाण होते. त्यानंतरच्या काळात डिस्का सुधारल्या असून माहिती साठविण्याचा व्यवसाय करणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीच्या आकडेवारीत हे प्रमाण सामान्यतः १ ते २ टक्के आढळते. अर्थात या सर्व पाहण्या वातानुकूलित, स्थिर विद्युत् पुरवठा असलेल्या व डिस्क जागची न हलणाऱ्या ठिकाणच्या आहेत. घरातील मेजावर यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही.

वर्षाला २ टक्के ही संभाव्यता क्षुल्लक वाटते. पण पाच वर्षांत ती जवळजवळ १० टक्के होते. ४ टक्के धरल्यास पाच वर्षांत दर अकरा डिस्कांपैकी दोन निकामी होतील. याउलट तीच माहिती दोन स्वतंत्र डिस्कांवर असेल, तर २ टक्क्यांच्या हिशेबाने दोन्ही एकाच वर्षी निकामी होण्याची संभाव्यता २,५०० मध्ये एक एवढी उतरते. पहिली बिघडताच तिच्या जागी नवी बसविल्यास ती याहूनही पुष्कळ कमी होते. सर्व संरक्षणाचे गमक या साध्या गुणाकारात आहे. मात्र हा गुणाकार दोन घटना खरोखर स्वतंत्र असतील तरच लागू पडतो. एकाच पेटीतील, एकाच विद्युत् पुरवठ्यावरील, एकाच वेळी एकाच दुकानातून घेतलेल्या दोन डिस्का या अर्थाने स्वतंत्र नसतात.

पूर्वसूचना : डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवावी व ती संगणकास कळवावी, अशी ‘स्मार्ट’ नावाची पद्धती १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. तीतील बदललेल्या व बदलीची वाट पाहणाऱ्या वृत्तखंडांची संख्या हे दोन आकडे सर्वांत अर्थपूर्ण होत. निरोगी डिस्कमध्ये ते शून्य असतात. गूगलच्या उपर्युक्त पाहणीत पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट भरली. म्हणून हा आकडा शून्यावरून हलताच माहिती दुसरीकडे हलविणे शहाणपणाचे असते. परंतु याच पाहणीतील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे : निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या बाबतीत तापमान वगळता एकाही निर्देशकाने काही सूचना दिली नव्हती. सूचना मिळाली तर तिचा उपयोग करावा. न मिळाल्यास निश्चिंत राहू नये. संगणक अकारण अडखळणे, फाइल उघडण्यास फार वेळ लागणे, फोल्डरांची नावे विचित्र अक्षरांत दिसणे ही निर्देशकांशिवायही जाणवणारी लक्षणे आहेत.

परिसर व विद्युत् पुरवठा : डिस्का साधारणपणे ५° ते ६०° से. तापमानात चालण्यासाठी बनविलेल्या असतात. उष्णतेने डिस्क लवकर मरते, असा समज प्रचलित असला, तरी गूगलच्या पाहणीत मध्यम तापमानांच्या कक्षेत असा संबंध आढळला नाही. फार उच्च तापमानातच तो दिसला. नागपूर किंवा अकोला येथील मे महिन्यात बंद खोलीतील, धुळीने पंखे माखलेल्या संगणकाची अंतर्गत हवा या उच्च कक्षेकडे झुकू शकते, एवढे लक्षात ठेवून पेटी वर्षातून एकदोनदा स्वच्छ करणे पुरेसे आहे. कोकणातील पावसाळ्यात सुट्या डिस्कांच्या जोडांवर गंज चढतो. त्या शुष्ककारकाच्या पुडीसह बंद डब्यात ठेवाव्यात.

विजेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात २००५ च्या सुमारास व नंतर काही वर्षे चाललेल्या भारनियमनामुळे अखंड वीजपुरवठा यंत्र (यूपीएस) ही वस्तू घरोघरी पोहोचली. हे यंत्र बॅटरीच्या जोरावर दहा-पंधरा मिनिटे संगणक चालवते. तेवढ्या वेळात काम जतन करून संगणक रीतसर बंद करावा, हा त्याचा उद्देश होय. काम पुढे चालू ठेवण्याचा नव्हे. बॅटरी दोन-तीन वर्षांत दुबळी होते व ते कळते नेमके वीज गेल्यावर. वळवाच्या पावसात विजा चमकत असताना संगणकाची पिन भिंतीवरील सॉकेटातून काढून ठेवणे हा जुना उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे. दूरध्वनीची किंवा इंटरनेटची तांब्याची तार असल्यास तीही काढली पाहिजे. घरातील भू-संबंधन (अर्थिंग) सदोष असेल, तर दाबरोधक साधनांचा पूर्ण उपयोग होत नाही.

राखीव प्रत : वरील सर्व उपाय बिघाड लांबणीवर टाकतात, तो टाळत नाहीत. माहिती वाचविण्याचा एकमेव उपाय म्हणजे तिची वेगळी प्रत, म्हणजेच बॅकअप. प्रती किती व कोठे असाव्यात याविषयी अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ‘तीन-दोन-एक’ हा संकेत सर्वमान्य झाला आहे. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात व त्यांपैकी एक अन्यत्र, म्हणजे दुसऱ्या वास्तूत असावी, असा तो आहे.

कोणती व्यवस्था राखीव प्रत नव्हे, याविषयी बराच गैरसमज आढळतो. एकाच संगणकात दोन डिस्का बसवून दोहोंवर एकदम तेच लिहिण्याची पद्धत (रेड) डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या विचारांतून प्रसृत झाली. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, हा तिचा गुण. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. पुसण्याची आज्ञाही आरसा इमानाने प्रतिबिंबित करतो. दूरस्थ संगणकावर फाइली समक्रमित ठेवणाऱ्या सेवांनाही हाच आक्षेप लागू होतो. त्या जुन्या आवृत्त्या काही दिवस सांभाळतात, परंतु ती मुदत संपण्याच्या आत चूक ध्यानात आली पाहिजे. एकाच डिस्कचे ‘सी’ व ‘डी’ असे विभाग करून एकातील माहितीची नक्कल दुसऱ्यात ठेवणे तर निव्वळ आत्मवंचना आहे. दोन्ही विभाग त्याच तबकड्यांवर असतात. तसेच जागा मोकळी करण्यासाठी सुट्या डिस्कवर हलविलेली आणि संगणकातून पुसलेली छायाचित्रे ही राखीव प्रत नसून एकुलती एक प्रत असते. माहिती गमावण्याची फार मोठी संख्या या शेवटच्या प्रकारात मोडावी.

घरगुती वापरात व्यवहार्य ठरणारी व्यवस्था पुढीलप्रमाणे असते. संगणकातील डिस्कच्या दुपटीएवढी धारणक्षमता असलेली सुटी डिस्क घेऊन तिच्यावर आपोआप प्रती घेणारी आज्ञावली चालू करतात. ॲपलच्या संगणकांत २००७ पासून ‘टाइम मशीन’ व विंडोजमध्ये २०१२ पासून ‘फाइल हिस्टरी’ या नावांनी ती मिळू लागली. लिनक्स प्रणालीत अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांच्या १९९६ मधील ‘आरसिंक’वर आधारित अनेक साधने आहेत. यांत पहिल्या वेळी सर्व फाइलींची व नंतर फक्त बदललेल्या फाइलींची प्रत घेतली जाते; त्यामुळे पहिली खेप कित्येक तास चालते, पुढील खेपा काही मिनिटांत आटोपतात. जुन्या आवृत्त्या राखल्या जात असल्याने तीन आठवड्यांपूर्वी बिघडलेला मजकूरही मिळविता येतो. मनुष्याच्या आठवणीवर अवलंबून असलेली प्रत पहिल्या महिन्यानंतर सहसा घेतली जात नाही; म्हणून ही क्रिया स्वयंचलित असणे हे डिस्कच्या दर्जापेक्षाही महत्त्वाचे आहे.

मात्र ही डिस्क सदैव जोडलेली राहिली, तर विजेच्या तडाख्यात संगणकाबरोबर तीही जाते. खंडणीसाठी फाइली कूटबद्ध करणाऱ्या आज्ञावल्यांचा धोका याहून मोठा आहे. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांतील संगणक बाधित केले. अशा आज्ञावल्या जोडलेल्या सुट्या डिस्कांनाही सोडत नाहीत. म्हणून आणखी एक डिस्क महिन्यातून एकदा जोडून, प्रत घेऊन, सोडवून दुसऱ्या घरी ठेवणे श्रेयस्कर. पुण्यातील कुटुंबाने आपली डिस्क साताऱ्यातील नातेवाइकांकडे व त्यांनी आपली पुण्यात ठेवणे ही बिनखर्चाची अदलाबदल होऊ शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडून मुंबईतील तळमजल्यावरील असंख्य घरांत पाणी शिरले, तसेच ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर येथे घडले. अशा वेळी संगणक व त्याच्याच खालच्या खणातील राखीव डिस्क ही दोन्ही एकाच पाण्यात जातात.

अन्यत्र ठेवावयाची प्रत इंटरनेटद्वारे एखाद्या व्यावसायिक साठवण-सेवेकडेही पाठविता येते. पहिली खेप मात्र दीर्घ असते : ५०० गिगाबाइट माहिती सेकंदास २० मेगाबिट या वेगाने चढविण्यास सु. ५६ तास लागतात. वर्गणी थकल्यास किंवा खाते बंद झाल्यास प्रतीही जातात, हे ध्यानात ठेवून ही सेवा सुट्या डिस्कच्या जोडीला वापरावी, तिच्याऐवजी नव्हे. एके काळी लोकप्रिय असलेल्या लेखनयोग्य सीडी (७०० मेगाबाइट) व डीव्हीडी (४·७ गिगाबाइट) यांतील रंजकाचा थर उष्णता, दमटपणा व प्रकाश यांमुळे खराब होतो. लग्नसमारंभाच्या अशा चकत्या कपाटात असतील, तर त्यांवरील माहिती वाचता येते तोवर हलविणे इष्ट आहे.

प्रत घेतली जाते आहे, एवढ्याने भागत नाही. ती परत वाचता आली पाहिजे. याचे सर्वज्ञात उदाहरण पिक्सार या अमेरिकन चित्रपटसंस्थेत १९९८ मध्ये घडले. ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता कोणीतरी दिलेल्या चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. पात्रे एकामागून एक नाहीशी होत असलेली पाहून यंत्रणा बंद करण्यात आली, तोवर चित्रपटाचा फार मोठा भाग गेला होता. राखीव प्रती काढून पाहता त्याही सदोष निघाल्या; प्रती घेण्याची यंत्रणा काही काळ नीट चालत नव्हती व ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. तंत्रविभागाच्या पर्यवेक्षक गॅलिन सुस्मान या बाळंतपणानंतर घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची बरीचशी अद्ययावत प्रत होती. तो संगणक रगांत गुंडाळून गाडीतून जपून आणण्यात आला आणि त्यातील फाइलींच्या आधारे चित्रपट पुन्हा उभा राहिला. व्यावसायिक यंत्रणेने न केलेले काम योगायोगाने दुसऱ्या वास्तूत असलेल्या एका घरगुती डिस्कने केले. दर सहा महिन्यांनी राखीव प्रतीतील चार-दोन फाइली दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहणे, ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

बिघाड झाल्यानंतर : डिस्क विचित्र आवाज करू लागल्यास संगणक तत्काळ बंद करावा. प्रत्येक नव्या प्रयत्नात शीर्ष तबकडीवर आणखी ओरखडे पाडण्याची शक्यता असते. प्रत नसताना दुरुस्तीच्या आज्ञावल्या चालविणे घातक होय. कारण त्या त्याच डिस्कवर लिहितात. डिस्क अद्याप वाचली जात असेल, तर आधी सर्वांत महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, मग इतर. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शीतकपाटात ठेवण्याचा तोडगा अनेकांकडून सुचविला जातो. बाहेर काढताच थंड तबकडीवर बाष्प जमते व उरलीसुरली आशा संपते. पेटी घरी उघडणेही असेच. तज्ज्ञ लोक धूलिरहित कक्षात त्याच प्रतिरूपाच्या दुसऱ्या डिस्कची शीर्षे बसवून माहिती काढतात. मंडल फलक जळाला असल्यास निव्वळ दुसरा बसवून चालत नाही. त्या विशिष्ट डिस्कच्या जुळणीचे आकडे मूळ फलकावरील स्मृतीत असतात व ते नव्या फलकावर न्यावे लागतात. हे काम डिस्कच्या किंमतीच्या अनेकपट महाग पडते आणि यशाची हमी नसते.

चिप-स्मृतीच्या डिस्का : तबकडीऐवजी अर्धसंवाहक स्मृती असलेल्या डिस्का (एस्‌एस्‌डी) आता नव्या घरगुती संगणकांत सर्वत्र दिसतात. त्यांत हलणारे भाग नसल्याने धक्क्यांची भीती फारशी नाही. पण त्यांतील पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येते, आणि नियंत्रक बिघडल्यास डिस्क कोणतीही कुरकूर न करता एकदम अदृश्य होते. पुसलेल्या फाइलींच्या पेशी त्या स्वतःच मोकळ्या करीत असल्याने पुसलेला मजकूर परत मिळण्याची शक्यता तबकडीपेक्षा कमी असते. वीज न देता वर्षानुवर्षे ठेवल्यास पेशींतील विद्युत् भार हळूहळू गळतो. पूर्णपणे वापरून झालेल्या घरगुती डिस्कने ३०° से. तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा संबंधित मानकात ठेवली आहे. कपाटात दीर्घकाळ ठेवण्याच्या प्रतीसाठी म्हणून फिरत्या तबकडीची डिस्कच अधिक योग्य. राखीव प्रतीची गरज दोहोंना सारखीच आहे.

वाचनीयता : प्रत शाबूत असूनही माहिती हाती न लागण्याचे दोन प्रकार आहेत. डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास परवलीचा शब्द किंवा पुनःप्राप्तीचा संकेतांक हरवताच ती कायमची बंद होते. कित्येक नवे संगणक मालकाला विशेष न सांगता डिस्क कूटबद्ध करतात. हा संकेतांक कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांत ठेवावा व निदान आणखी एका व्यक्तीस ठाऊक असावा. दुसरा प्रकार मराठी मजकुराच्या बाबतीत विशेषत्वाने उद्भवतो. १९८० ते २००० या दशकांत मराठी लेखन, मुद्रण व पत्रव्यवहार यांसाठी पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) आणि खाजगी कंपन्या यांनी तयार केलेल्या आज्ञावल्या वापरल्या जात. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये निघाले व त्याच वर्षीच्या युनिकोडमध्येही देवनागरीचा समावेश झाला. परंतु छपाईच्या व्यवहारात प्रत्येक कंपनीच्या टंकांची अक्षरक्रमवारी वेगळीच राहिली. असा टंक संगणकावर नसल्यास जुनी फाइल उघडते, पण तीत रोमन अक्षरे व चिन्हे यांचा गोंधळ दिसतो. कित्येक लेखकांची, दिवाळी अंकांची व लहान मुद्रणालयांची त्या काळातील सामग्री याच स्थितीत पडून आहे. अशा फाइलींसोबत त्यांचा टंक जतन करणे, शक्य तेव्हा रूपांतरकाने त्या युनिकोडमध्ये आणणे आणि रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडतात म्हणून मूळ फाइल न पुसता तिचे एक छापील किंवा चित्ररूप पान सोबत ठेवणे इष्ट असते.